दर शुक्रवारी पाच शिलिंग

ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता, त्या साम्राज्याच्या राजधानीत म्हातारी माणसे दारिद्र्यगृहाच्या धास्तीने जगत होती. १९०६ ते १९१४ या आठ वर्षांत ब्रिटिश सरकारने पहिल्यांदाच कष्टकऱ्याच्या घरात डोकावून पाहिले. त्या धडपडीची, तिच्यावरून झालेल्या भांडणांची आणि अर्धवट राहिलेल्या कामांची ही हकीकत.

१ जानेवारी १९०९. शुक्रवारचा दिवस. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडमधल्या टपाल कचेऱ्यांसमोर त्या थंडीत म्हाताऱ्यांच्या रांगा लागल्या होत्या. कुणी काठी टेकत आले होते, कुणी नातवाचा हात धरून. हातात कुपनांचे एक छोटे पुस्तक. खिडकीतल्या कारकुनाने त्यातले एक कुपन फाडून घ्यायचे आणि पाच शिलिंग मोजून द्यायचे. पुढच्या शुक्रवारी पुन्हा पाच शिलिंग. असे मरेपर्यंत.

त्या काळच्या विनिमय दराने एक पेनी म्हणजे आपला एक आणा होत असे. बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड. म्हणजे पाच शिलिंग म्हणजे आपले तीन रुपये बारा आणे. रक्कम मोठी नव्हती. तेवढ्यात एकट्या माणसाचाही आठवडा धड निघत नसे. पण पैसे घेताना अनेकांच्या डोळ्यांतून पाणी वाहात होते. फ्लोरा थॉम्पसन या लेखिकेने तरुणपणी टपाल कचेरीत काम केले होते. खेड्यातल्या त्या दिवसांचे वर्णन तिने पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकात केले आहे. पेन्शन मंजूर करणारा माणूस नक्की कोणी लॉर्डच असला पाहिजे, असे म्हाताऱ्यांना वाटे. पैसे मोजून देणाऱ्या पोरीसाठी ते आपल्या बागेतली फुले आणि सफरचंदे घेऊन येत. तिने केवळ पैसे हातावर ठेवले, एवढ्यासाठी!

हा 'लॉर्ड' म्हणजे अर्थमंत्री डेव्हिड लॉईड जॉर्ज. तो लॉर्ड तर नव्हताच, पण वर्षभरातच साऱ्या लॉर्ड मंडळींशी त्याचे हाडवैर होणार होते.

दाराशीच ताटातूट

पाच शिलिंगांचे एवढे अप्रूप का, हे समजायला आधी 'वर्कहाऊस' म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्याने ही दारिद्र्यगृहे देशभर उभी केली. अन्न मिळे, छप्पर मिळे. पण एका तत्त्वावर. आत राहणाऱ्याची स्थिती बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुरापेक्षा वाईटच असली पाहिजे, म्हणजे कुणी उगाच आत येणार नाही. त्यामुळे दाराशीच कुटुंबाची ताटातूट होई. नवरा एका इमारतीत, बायको दुसरीकडे, मुले तिसरीकडे. अंगावर संस्थेचा गणवेश. हाताला खडी फोडण्याचे किंवा जुने दोरखंड उसवण्याचे काम. पुरुषाने सरकारी मदत घेतली की त्याचा मतदानाचा हक्क जाई. आणि आत मेला तर बेवारशासारखा दफनविधी.

१८९६ साली लंडनच्या लॅम्बेथ भागातल्या अशाच एका वर्कहाऊसमध्ये एक आई आपल्या दोन मुलांना घेऊन दाखल झाली. धाकटा सात वर्षांचा होता. दारातच आईपासून तुटलेल्या त्या मुलाला पुढे सारे जग चार्ली चॅप्लिन म्हणून ओळखू लागले. त्याच्या पडद्यावरच्या फाटक्या भटक्याला पोलीस दिसला की कापरे का भरते, याचे उत्तर अभ्यासकांनी याच बालपणात शोधले आहे.

गरीब माणूस आळशी असतो, दारुडा असतो, म्हणून गरीब असतो, असे एकोणिसाव्या शतकातल्या सुखवस्तू इंग्रजांचे ठाम मत होते. या मताला तडा दिला तो मोर्चांनी किंवा भाषणांनी नव्हे, तर आकड्यांनी. चार्ल्स बूथ या जहाज कंपनीच्या मालकाने स्वतःच्या पैशाने लंडनची पाहणी केली. रस्त्यांचे नकाशे करून घराघराच्या आर्थिक स्थितीप्रमाणे ते रंगवले. निष्कर्ष निघाला की जगातल्या सर्वात श्रीमंत शहरातले सुमारे तीस टक्के लोक दारिद्र्यात आहेत. लंडनची गोष्टच वेगळी, असे म्हणायची सोय होती. तीही सीबोम राउंट्री याने ठेवली नाही. कोको आणि चॉकलेट बनवणाऱ्या घराण्यातल्या या तरुणाने यॉर्क या आपल्या टुमदार गावातल्या ११,५६० कुटुंबांची माहिती गोळा केली. १९०१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिथेही जवळपास अठ्ठावीस टक्के लोक गरीबच निघाले.

राउंट्रीचा हिशोब कुठल्याही गृहिणीला चटकन समजेल असा होता. नवरा, बायको आणि तीन मुले यांना केवळ शरीर धड ठेवायला आठवड्याला किती लागेल? अन्न १२ शिलिंग ९ पेन्स, घरभाडे ४ शिलिंग, कपडे, जळण, दिवाबत्ती वगैरे ४ शिलिंग ११ पेन्स. एकूण २१ शिलिंग ८ पेन्स. यात तंबाखू नाही, वर्तमानपत्र नाही, परगावच्या नातेवाइकाला पत्र टाकायला तिकीट नाही, मुलांना खाऊ नाही. आणि यॉर्कच्या अकुशल मजुराची मजुरी होती आठवड्याला अठरा ते एकवीस शिलिंग! म्हणजे दारूच्या थेंबालाही न शिवणारा, रोज राबणारा माणूससुद्धा या रेषेखालीच राहणार. मजुराच्या आयुष्यात तीनदा हमखास दारिद्र्य येते, हेही त्याने दाखवून दिले. एकदा स्वतः लहान असताना, दुसऱ्यांदा पदरी लहान मुले असताना आणि तिसऱ्यांदा हातपाय थकल्यावर.

सैनिक मिळेनात

नुसत्या आकड्यांनी सरकारे हलत नाहीत, हे मात्र खरे. सरकार हलले ते वेगळ्याच कारणाने. १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झाले. मँचेस्टरमध्ये भरतीला आलेल्या सुमारे अकरा हजार तरुणांपैकी आठ हजारांना डॉक्टरांनी परत पाठवले. खुजी उंची, अरुंद छाती, किडलेले दात, मुडदूस झालेली हाडे. मूठभर शेतकऱ्यांना नमवायला जगातल्या सर्वात मोठ्या साम्राज्याला तीन वर्षे लागली, तेव्हा राज्यकर्त्यांच्या पोटात गोळा उठला. उद्या जर्मनीशी गाठ पडली तर लढणार कोण? १९०४ मध्ये एका सरकारी समितीने शाळकरी मुलांना जेवण आणि वैद्यकीय तपासणी यांची शिफारस केली. गरिबांच्या पोरांच्या पोटाची काळजी साम्राज्याला अशी वाटू लागली. करुणेचा भाग होताच, पण भीतीचाही होता आणि तो लहान नव्हता.

१९०६ च्या निवडणुकीत लिबरल पक्ष प्रचंड बहुमताने सत्तेवर आला. त्याच निवडणुकीत मजुरांचे २९ प्रतिनिधी निवडून आले आणि त्यांनी मजूर पक्ष हे नाव धारण केले. शाळेतल्या जेवणाचे विधेयक मांडले तेही अशाच एका मजूर सभासदाने. नगरपालिकांनी गरजू मुलांना जेवण द्यावे, हवे तर त्यासाठी छोटा कर बसवावा, असा कायदा १९०६ अखेर झाला.

ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर यात सर्वांच्या पुढे होते. तिथल्या शाळाखात्याचे डॉक्टर राल्फ क्राउली यांनी १९०७ मध्ये अगदी गरीब घरातली चाळीस मुले निवडली आणि त्यांना सकाळी नाश्ता, दुपारी जेवण देऊन दर आठवड्याला वजने घेतली. नाश्त्याला ओटची लापशी, पाव, दूध. टेबलावर स्वच्छ कापड आणि फुले. वाढायचे काम मोठ्या मुलींकडे, त्यांना त्यासाठी अॅप्रन दिलेले. वजनाचा आलेख भराभर वर चढला. मग मध्ये सुटी आली आणि आलेख खाली घसरला. शाळा उघडली, पुन्हा वर. सुटी म्हणजे या मुलांना उपासमार, हे त्या एका रेषेने जितके स्पष्ट सांगितले तितके शंभर भाषणांनी सांगितले नसते.

तरीही या कायद्यात मेख होतीच. जेवण 'द्यावे' असे म्हटले होते, 'दिलेच पाहिजे' असे नव्हे. अनेक नगरपालिकांनी काणाडोळा केला आणि सक्ती यायला १९१४ उजाडले. १९०७ मध्ये शाळांतून मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. पण रोग सापडला तर उपचाराचे पैसे कोण देणार, हा प्रश्न पुढची काही वर्षे लोंबकळतच राहिला. १९०८ च्या बालकांच्या कायद्याने मुलांसाठी वेगळी न्यायालये आली आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना सिगारेट विकण्यावर बंदी आली.

वादळाच्या रात्री मी केवढा होतो?

पेन्शनचा विचार मात्र जुना होता. जर्मनीत बिस्मार्कने १८८९ मध्येच वृद्धांसाठी विमा आणला होता, न्यूझीलंडमध्ये १८९८ पासून पेन्शन होती. ब्रिटनमध्ये नुसत्या समित्या बसत आणि उठत होत्या. अखेर १९०८ च्या १ ऑगस्टला कायदा झाला. सत्तर वर्षे पूर्ण, वार्षिक उत्पन्न २१ पौंडांपर्यंत, वीस वर्षे देशात वास्तव्य. गेल्या दहा वर्षांत तुरुंगवास घडलेला नसावा, कामाची टाळाटाळ करण्याची सवय नसावी, नुकतीच वर्कहाऊसची मदत घेतलेली नसावी. सत्तरीची अट तर अजबच. त्या काळी जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुर्मान पन्नाशीच्या आसपास होते. सत्तरी गाठणारे भाग्यवान किती असणार? तरीही पहिल्या काही महिन्यांतच सहा लाखांहून अधिक लोकांना पेन्शन मिळू लागली. त्यात बायकांची संख्या जास्त होती. एवढी उधळपट्टी साम्राज्याच्या मुळावर येईल, असा इशारा माजी पंतप्रधान लॉर्ड रोजबेरी यांनी उमरावांच्या सभागृहात दिला होता.

आयर्लंडमध्ये वेगळीच गंमत झाली. तिथे सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद १८६४ पासून होऊ लागली होती. मग १९०९ मध्ये सत्तर वर्षांच्या माणसाने वयाचा पुरावा आणायचा कुठून? तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी एक युक्ती काढली. १८३९ च्या ६ जानेवारीच्या रात्री आयर्लंडवर एक भयंकर वादळ कोसळले होते. 'मोठा वारा' म्हणून ते घरोघरी ठाऊक होते. ते ज्याला आठवते तो सत्तरीचा! पाहता पाहता त्या वादळाची आठवण असणाऱ्यांची संख्या अपेक्षेपेक्षा कितीतरी फुगली. आपल्याकडेही 'प्लेगच्या साली मी रांगत होतो' असे सांगणारे आजोबा होतेच. फक्त त्या आठवणीचे त्यांना कुणी पैसे दिले नाहीत.

आणि इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. लंडनच्या संसदेत हे पेन्शनचे विधेयक अखेरच्या टप्प्यात होते, त्याच जुलै महिन्याच्या २२ तारखेला मुंबईत लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. सरकार तेच, लिबरल पक्षाचे. कष्टकऱ्यांचा कळवळा सुएझ कालव्यापलीकडे येत नव्हता.

एक उमराव, दोन युद्धनौका

पेन्शन द्यायची, आणि जर्मनीच्या तोडीस तोड नव्या युद्धनौकाही बांधायच्या. पैसा कुठून आणायचा? लॉईड जॉर्जने २९ एप्रिल १९०९ रोजी जो अर्थसंकल्प मांडला, त्याचे भाषण साडेचार तास चालले. मोठ्या उत्पन्नांवर जादा कर, वारसा संपत्तीवर वाढीव कर आणि जमिनीची किंमत मालकाने काही न करता वाढली, तर त्या वाढीचा पाचवा हिस्सा सरकारला.

वेल्समधल्या खेड्यात चांभारकाम करणाऱ्या मामाच्या घरी वाढलेला हा मंत्री. वडील शाळामास्तर, तो लहान असतानाच वारलेले. जमीनदारांविषयीची त्याची चीड पुस्तकी नव्हती. एका ड्यूकचा सारा सरंजाम पोसायला दोन युद्धनौकांइतका खर्च येतो, असे तो जाहीर सभेत म्हणाला आणि लोकांनी सभा डोक्यावर घेतली. गमतीचा भाग असा की या लढाईतला त्याचा जोडीदार, व्यापारमंत्री विन्स्टन चर्चिल, हा एका ड्यूकचा नातू होता आणि ब्लेनहाइमच्या राजवाड्यात जन्मला होता.

३० नोव्हेंबर १९०९ रोजी उमरावांनी ३५० विरुद्ध ७५ मतांनी अर्थसंकल्प फेटाळला. पैशाच्या विधेयकाला हात न लावण्याची जुनी प्रथा मोडली. मग १९१० या एकाच वर्षात दोन निवडणुका झाल्या आणि १९११ च्या कायद्याने उमरावांचा नकाराधिकारच काढून घेण्यात आला. म्हाताऱ्यांच्या पाच शिलिंगांनी राज्यघटनेचा पाया हलवला, तो असा.

साखळ्या घडवणाऱ्या बायका

संसदेत हा गदारोळ चालू असताना बर्मिंगहॅमजवळच्या क्रॅडली हीथ गावात एक वेगळीच लढाई झाली. तिची आठवण कमी निघते, पण या साऱ्या कहाणीत तीच सर्वात मोलाची म्हणावी लागेल. या गावातल्या बायका घरामागच्या खोपट्यात भट्टी पेटवून लोखंडी साखळ्या घडवीत. तापलेली सळई वाकवायची, हातोड्याने ठोकून कडी जोडायची, पुन्हा पुढची कडी. बाजूलाच तान्हे मूल झोपलेले. आठवड्याला पन्नासहून अधिक तास राबून हाती येत पाच-सहा शिलिंग.

१९०९ च्या कायद्याने शिवणकाम, खोके बनवणे, लेसचे काम आणि साखळीकाम या चार धंद्यांत किमान वेतन ठरवण्यासाठी मंडळे नेमली. साखळीच्या मंडळाने तासाला अडीच पेन्स हा दर ठरवला. आठवड्याचे सव्वाअकरा शिलिंग, म्हणजे जवळजवळ दुप्पट. पण कायद्यात पळवाट होती. कामगाराने लेखी संमती दिली तर सहा महिने जुन्याच दराने काम घेता येई. मालकांनी बायकांपुढे कागद ठेवले. अनेकींना वाचता येत नव्हते. त्यांनी अंगठे उठवले.

मेरी मॅकार्थर ही तिशीतली स्कॉटिश कार्यकर्ती धावून आली. १९१० च्या ऑगस्टपासून सुमारे आठशे बायकांनी काम बंद ठेवले. सभांना गळ्यात साखळ्या घालून म्हाताऱ्या बायका पुढे बसत. तेव्हा नव्यानेच आलेल्या सिनेमागृहांतून या संपाची चित्रफीत दाखवली गेली आणि देशभरातून वर्गणीचा ओघ सुरू झाला. दहा आठवड्यांनी शेवटच्या मालकानेही सही केली. वर्गणी इतकी जमली होती की उरलेल्या पैशांतून गावात कामगारांसाठी एक सभागृह बांधले. नव्या रस्त्यापायी ते पाडण्याची वेळ आली तेव्हा त्याची वीट न् वीट जवळच्या एका संग्रहालयात नेऊन ते पुन्हा उभारण्यात आले.

चार आण्यांत नऊ आणे

१९१० च्या १ फेब्रुवारीला बेकारांसाठी सरकारी रोजगार कचेऱ्या उघडल्या. त्यामागे विल्यम बेव्हरिज नावाचा एक तरुण अधिकारी होता. पुढे १९४२ मध्ये याच्याच अहवालाने ब्रिटनच्या नव्या कल्याणकारी राज्याचा आराखडा दिला. पण त्या काळातला सर्वात मोठा कायदा म्हणजे १९११ चा राष्ट्रीय विमा. वर्षाला १६० पौंडांपेक्षा कमी कमावणाऱ्या कामगाराने आठवड्याला ४ पेन्स भरायचे, मालकाने ३, सरकारने २. 'चार पेन्समध्ये नऊ पेन्स' ही लॉईड जॉर्जची घोषणा गल्लोगल्ली पोहोचली. आजारी पडला तर आठवड्याला १० शिलिंग, डॉक्टरचे उपचार, क्षय झाला तर आरोग्यधामात सोय आणि बाळंतपणाला ३० शिलिंग. शिवाय बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रकाम अशा ठरावीक धंद्यांतल्या सुमारे साडेबावीस लाख कामगारांना बेकारीत आठवड्याला ७ शिलिंग, वर्षात पंधरा आठवड्यांपर्यंत.

हप्ता भरल्याची खूण म्हणून कार्डावर दर आठवड्याला तिकीट चिकटवायचे असे. घरच्या मोलकरणींनाही हा कायदा लागू होता. झाले! बड्या घरच्या बायका खवळल्या. १९११ च्या नोव्हेंबरात लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये मालकिणी आणि मोलकरणी यांची संयुक्त सभा भरली आणि आम्ही सरकारची तिकिटे चाटणार नाही, अशी शपथ घेण्यात आली. डॉक्टरांच्या संघटनेनेही बहिष्कार पुकारला. पण उपचार सुरू व्हायची तारीख, १५ जानेवारी १९१३, जवळ आली तशी डॉक्टर मंडळी निमूटपणे यादीत नावे नोंदवू लागली. डावीकडूनही टीका होती. फिलिप स्नोडेन यांच्यासारख्या मजूर पुढाऱ्यांना वाटे, भुकेल्या कामगाराच्या खिशातून चार पेन्स कशाला काढायचे? श्रीमंतांवर कर बसवा. ही टीका चूक म्हणता येत नाही. पण भरलेल्या हप्त्यामुळे मिळणारा पैसा हक्काचा ठरला, भीक ठरली नाही, हेही खरे.

घरधनीण कुठे आहे?

या साऱ्या योजनांत एक माणूस नव्हतेच. कामगाराची बायको. आजारी कामगाराला डॉक्टर मिळे, त्याच्या बायकोला आणि मुलांना नाही. ती काय करीत होती, ते मॉड पेंबर रीव्हज यांनी १९१३ च्या 'राउंड अबाउट अ पाउंड अ वीक' या पुस्तकात लिहून ठेवले. लॅम्बेथमधल्या साध्या मजुरांच्या घरी त्या आणि त्यांच्या मैत्रिणी चार वर्षे जात होत्या. आठवड्याच्या सुमारे वीस शिलिंगांत संसार. त्यातले सहा-सात शिलिंग भाड्याला. मग कोळसा, बुटांसाठीची भिशी आणि दर आठवड्याला मुलामागे एक पेनी दफनाच्या विम्याला. पोटाला कमी पडत असताना मरणाचा विमा कशाला, असे बाहेरच्यांना वाटे. पण मूल गेले तर त्याला बेवारशासारखे पुरावे लागू नये, यासाठी आईची ती तजवीज होती. मटणाचा तुकडा कमावत्या नवऱ्याच्या ताटात. मुलांना पाव आणि बटाटे. तिच्या स्वतःच्या ताटात काय असे, हे वेगळे सांगायला नको.

बाळंतपणाचे तीस शिलिंगही नवऱ्याच्याच हाती पडत. सहकारी चळवळीतल्या महिलांच्या संघाने, मार्गारेट ल्युएलिन डेव्हिस यांच्या पुढाकाराने, यावर काहूर उठवले. १९१३ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि ती रक्कम आईची ठरली. ज्या बायकांना अजून मताचा अधिकारही नव्हता, त्यांनी हे घडवून आणले.

आपल्याकडे हा प्रश्न आला तो मुंबईच्या गिरण्यांतून. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक चर्चेला आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतिणीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा भार बऱ्याच अंशी सरकारनेही उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिलाच. पण सारा भार मालकावर राहिला. कामगार, मालक आणि सरकार यांनी मिळून विमा उभारायचा, ही कल्पना प्रत्यक्षात यायला प्रा. बी. पी. आडारकर यांचा १९४४ चा अहवाल आणि १९४८ चा कायदा यावा लागला. कामगार विमा योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली, नंतर मुंबईत आली आणि गिरणगावातल्या दवाखान्यांवर 'पॅनेल डॉक्टर'च्या पाट्या झळकू लागल्या. उपचार सुरुवातीला इथेही फक्त कामगारालाच मिळत. त्याच्या बायकामुलांचा समावेश काही वर्षांनी झाला.